चौदा ठिकाणचा धिस

१ मार्च २००६, आरमोरी
आमच्या कॉम्प्युटर सेंटरचे मालक गुलाम रसूलभाऊ म्हणाले, धानोऱ्याच्या बाया मोहफुलं वेचून आणतात, त्यांची नावं अन् किलो टिपणारा मोबाइलवरचा जावा प्रोग्रॅम करा. जमलं तर एप्रिलपासून जावाची बॅच तुमची.
बॅच माझीच आहे. इथे दुसऱ्या कोणाला जावा येतो? उद्यापासून पहाटे पाचला कोडिंग.

४ मार्च, सकाळी ९.२०
उठलो. जावाच्या पुस्तकात पानोपानी ‘धिस’. म्हणे प्रोग्रॅममधली प्रत्येक वस्तू एक ऑब्जेक्ट, अन् धिस म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतःच. स्वतःला स्वतःची ओळख कशाला लागते? मला कधी लागली नाही. पुस्तक टुकार आहे.

९ मार्च
माझी असिस्टंट तबस्सुम. नोकरीला सहा महिने, आताच शिंगं फुटलीत. न सांगता प्रोग्रॅम लिहून ठेवला. म्हणजे सांगितलं होतं, पण इतकं नाही. चौदा ठिकाणी ‘धिस डॉट’. कशाला, विचारलं तर म्हणते, ‘सर, आलेलं नाव त्या बाईच्या ऑब्जेक्टमंदी ठेवाले लागते ना.’
मला शिकवते.

१० मार्च
चौदाही धिस खोडले. आता नुसतं ‘नाव = नाव’. किती स्वच्छ दिसतं. कंपाइल केलं, एकही एरर नाही. तबस्सुम म्हणाली, एकदा चालवून पाहा. म्हटलं, कंपायलरपेक्षा तू शहाणी आहेस का? चालवून पाहिलं नाही. तिने सांगितल्यावर तर नाहीच.

१८ मार्च, धानोरा
डेमो. भाऊ अन् तबस्सुम सोबत. बचत गटाच्या अध्यक्ष सुकरीबाईंनी टोपली मांडली. बारा किलो. मी नाव विचारलं, टाइप केलं, सेव्ह केलं. स्क्रीनवर आलं: नल, शून्य किलो. नल म्हणजे कोणीच नाही. दुसरी बाई नल. सहाच्या सहा नल.
म्हटलं, जंगलाच्या हवेत हँडसेट असंच करतात. सुकरीबाई म्हणाल्या, ‘नाव तं घेतलं ना तुमी माह्यं. मंग ठेवलं कुठी?’
तबस्सुम फिस्सकन हसली. भाऊंनी कारण विचारलं तर म्हणाली, सर खोडून राह्यले होते, तो धिस हाच. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मला सुकरीबाईंचा भयंकर राग आला. शाळेत न गेलेल्या बाईने असे प्रश्न विचारू नयेत.

३ एप्रिल, आरमोरी
जावाची बॅच सुरू. तबस्सुमची. मी मागच्या बाकावर, देखरेखीसाठी. तिने धिस पंधरा मिनिटांत शिकवला अन् विचारलं, कोणाले समजला नाई?
पोरांपैकी एकाचाही हात नाही. एकच हात वर गेला. खाली घेईपर्यंत सगळ्यांनी वळून पाहिलं होतं.