व्हर्जन जुळेपर्यंत

२१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. कॉम्प्युटरवर. फोल्डरचं नाव ‘जुनी वीज बिलं’, म्हणजे लतिका जन्मात उघडणार नाही. बायकोपासून लपवण्यासारखं काही नाही. पण रिटायर्ड माणसाला स्वतःची म्हणून एक तरी जागा हवी.

ताईचा फरीदाबादहून फोन. घर आवरतेय. भाऊबीज झाली की २५ ऑक्टोबरला कायमची नाशिकला, लेकीकडे, रेवतीकडे. जुना कॉम्प्युटर नेणार नाही. तो २४ला कबाडीवाला उचलणार. त्यात भाऊजींनी आयुष्यभर काढलेले फोटो आहेत, अकराशे चाळीस. भाऊजींना जाऊन दीड वर्ष झालं. येऊन तेवढे काढून देशील का, म्हणाली.

यायचं कशाला? रिमोट डेस्कटॉपचं अ‍ॅप आहे ना. इथे दिल्लीत, मयूर विहारमध्ये बसून तिचा कॉम्प्युटर चालवीन. ९४ साली आमच्या खात्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची.

लतिकाचं मत: मेट्रोची पिंक लाईन घ्या, लाजपत नगरला बदला, दीड तासात ताईंकडे. जाताना पेनड्राइव्ह न्या. पेनड्राइव्ह म्हणे. हसलो फक्त.

संकल्प: आठ दिवसांत सगळे फोटो माझ्याकडे.

२३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११.
अ‍ॅप बसवलं. माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या मोबाईलवर, जुन्या टॅबवर. फोनवरून सूचना देऊन ताईकडेही. चाळीस मिनिटं लागली. वय बहात्तर, त्या मानाने चांगलं जमलं तिला.

माझ्या स्क्रीनवर नऊ आकडी नंबर आला. तो आणि खालचा पासवर्ड तिला दोनदा वाचून दाखवला. कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला तिने. ती म्हणाली, माझ्या स्क्रीनवर पण एक नंबर दिसतोय, वेगळा आहे. म्हटलं, ताई, तू यात पडू नकोस. एका घरात दोन नंबर झाले की घोटाळा होतो. ‘नेहमी परवानगी द्या’ अशी एक चौकट होती, तीही टिक करून टाकली. रोज रोज कोण विचारत बसणार.

२४ सप्टेंबर. 
कॉम्प्युटरवरचं अ‍ॅप म्हणतं, आधी अपडेट करा. केलं. आता मोबाईल म्हणतो, समोरचं व्हर्जन नवीन आहे. मोबाईलसाठी नवीन अजून आलेलंच नाही. टॅब म्हणतो, हे डिव्हाइस जुनं आहे. उद्धट.

ताईला विचारलं, तुझ्याकडे काय म्हणतंय? म्हणाली, ते विचारतं, मी हो म्हणते, मग होतं. बिचारीला समस्येची खोली कळत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार.
काही नाही. कॉम्प्युटरवर पुन्हा नवं अपडेट, ६४ टक्क्यांवर.

ताईला कळवलं की पाठ धरली आहे, येणं जमणार नाही. पाठ ठणठणीत आहे.

इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. खरं कारण मेट्रो नाही, पाठ नाही. त्या घरात शिरलं की समोर भाऊजींची वेताची खुर्ची दिसते. मी नोकरीला लागून दिल्लीला आलो तेव्हा चार महिने त्यांच्याकडेच राहिलो होतो. रोज संध्याकाळी त्या खुर्चीतून विचारायचे, काय साहेब, आज किती फायली उडवल्या? आता ती रिकामी बघवत नाही मला. दीड वर्षात दोनदा गेलो, दोन्हीदा पाठ करून बसलो.

असो. रिमोटचा हाही एक फायदा.

२ ऑक्टोबर, दसरा. दुपारी १२.
यश! मोबाईलचं अपडेट आलं. तोच नऊ आकडी नंबर टाकला, पासवर्ड टाकला, आणि ताईचा कॉम्प्युटर माझ्या हातात.

गंमत म्हणजे वॉलपेपरसुद्धा तोच. भाऊजींनी काढलेला फरीदाबादच्या बडखल तलावाचा फोटो, माझ्याकडे आहे तो. बहीणभावाची आवड एक, दुसरं काय. तिच्याकडेही ‘जुनी वीज बिलं’ नावाचं फोल्डर निघालं. कमाल आहे. किती वर्षांचा कचरा साठवते. न उघडताच उडवून टाकलं, तेवढीच कॉम्प्युटरला हवा लागेल. फोटो मात्र कुठे दिसेनात. मग लाईन तुटली.

सोनं द्यायला आलेल्या शेजाऱ्यांना सगळा प्रकार सविस्तर सांगितला. ते लवकर उठले.

३ ऑक्टोबर. सकाळी ८.
सकाळी उघडतो तर माझी रोजनिशी गायब! चहा झाला नव्हता, घाम फुटला. अर्ध्या तासाने बघतो तर जागच्या जागी. नवीन व्हर्जनमध्ये आपोआप परत आणायची सोय दिसते. कंपनीला पाच तारे दिले.

५ ऑक्टोबर, रविवार.
बाण आपोआप हलतो. मी हात लावलेला नसताना. आयकॉन एका रांगेत लागले, तीन ‘नवीन फोल्डर’ एकात गेले. यालाच एआय म्हणतात बहुतेक. लतिकाला बोलावलं तर तोवर थांबलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
मोबाईल ९.१ वर, कॉम्प्युटर ९.० वर, टॅब स्वर्गात. कॉम्प्युटरचं अपडेट चालू असताना लाईट गेली. आता पहिल्यापासून.

संध्याकाळी ताईचा फोन. फोटोंचं विचारलंच नाही. विचारलं काय, तर तुझी पाठ खरंच दुखते का रे? दचकलो. म्हटलं, बिल्कुल, कालपासून जास्तच. म्हणाली, बरं. बहिणीला मनातलं कळतं म्हणतात ते उगाच नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.
मोबाईलवरून पुन्हा ताईच्या कॉम्प्युटरवर. ती वीज बिलं तिने परत आणून ठेवली आहेत! पुन्हा उडवली. काही माणसांना मोह सुटत नाही.

१५ ऑक्टोबर.
माझी रोजनिशी पुन्हा गायब, पुन्हा हजर. लतिका म्हणाली, हे सगळं होण्यात एखाद्या माणसाचा हात नसेल ना? समजावलं की आता माणूस लागत नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. सकाळी १०.
सापडलं! ताईच्या डेस्कटॉपवर, अगदी समोर, ‘ह्यांचे फोटो’ नावाचं फोल्डर. परवापर्यंत दिसलं नव्हतं, नवीन व्हर्जनची नजर तेज असणार. मोबाईलमध्ये उघडेना, पण आता फक्त तिथून इथे आणायचं बाकी. नव्वद टक्के काम झालं म्हणायला हरकत नाही.

ताईला कळवलं, तुझे फोटो सापडले. कुठे, ते विचारून घेतलं तिने. मग म्हणाली, शाब्बास.

लतिका म्हणते, पाच दिवस राहिले, आता तरी उठा. माणूस सामान बांधून कायमचं चाललंय. मी म्हटलं, रिमोटमध्ये माणूस जातच नाही, हाच तर मुद्दा आहे. ती स्वयंपाकघरात निघून गेली. डबे जोरात ठेवल्याचा आवाज आला.

२० ऑक्टोबर, सोमवार.
कल्पना सुचली. भाऊबीजसुद्धा रिमोट. मी इथे पाटावर, समोर स्क्रीन. ती तिथे तिच्या स्क्रीनला ओवाळेल. त्याच बैठकीत फोटोही आणून घेईन. एका कामात दोन कामं. ताईला सांगितलं. ती म्हणाली, बरं. हल्ली ती सगळ्याला बरंच म्हणते.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.
लतिकाने ओवाळलं. नंतर विचारलं, उद्या किती वाजता निघायचं? सांगितलं, दहा वाजता कनेक्ट होऊ. तिने ताम्हन उचललं आणि जाताना म्हणाली की ती स्वतः जाणार आहे. फराळाचा डबा आणि ताईंची साडी घेऊन, लाजपत नगरला बदलून. मी आलो तर ठीक.

चलो, दोन्ही बाजूंनी भाऊबीज होईल.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. सकाळी ११.२०.
लतिका दहाला गेली.

आज सगळं जुळलं. कॉम्प्युटर ९.२, मोबाईल ९.२. झब्बा घातला, टोपी घातली, पाट मांडला. कॉम्प्युटरवरून ताईचा नंबर टाकला. आज पहिल्यांदाच इथून टाकला, आजवर अपडेटनेच अडवलं होतं. उत्तर आलं: हा नंबर याच डिव्हाइसचा आहे.

पुन्हा टाकला. तेच. म्हणजे ९.२ मध्ये दोष आहे. कंपनीला कळवायच्या आधी इथे नोंद करावी म्हणून रोजनिशी उघडली, तर खाली हे लिहिलेलं:

‘अवी, नंबर तू तुझा दिलास. पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण तू म्हणालास, तू यात पडू नकोस. मोबाईलवरून तू गेलास तो तुझ्याच कॉम्प्युटरवर. तुझी वीज बिलं तू दोनदा उडवलीस, दोन्हीदा मी कचऱ्यातून काढून ठेवली. लाईटचं बिल भरायला विसरतोस म्हणून पहिल्यांदा उघडली होती. वाचायला नको होतं, पण वाचलं. फोटो मीच पाठवलेत तुझ्याकडे. अ‍ॅपमध्ये वर ‘फाईल पाठवा’ असं बटण आहे. अकराशे चाळीस आहेत, बघून घे. ह्यांची खुर्ची काल आतल्या खोलीत नेऊन ठेवली. आता ये. बासुंदी केली आहे. दीडपर्यंत वाट बघते, मग ताट झाकून ठेवीन. ताई.’

११.४५.
फोल्डर उघडलं. पहिलाच फोटो माझा. फरीदाबादच्या गच्चीवर, मिशा नुकत्या फुटलेल्या, हातात ऑफिसची फाईल. फोटो काढताना भाऊजी काहीतरी म्हणाले असणार, मी हसतोय.

पुढचे बघवेनात. टोपी भिजली. म्हणजे डोळे पुसायला तीच हाताशी होती.

१२.१५.
निघतो. दीडला पोचत नाही. ताट झाकलेलं असेल.

ताई, हे वाचत असशील तर खुर्ची बाहेर आणून ठेव. मी समोर बसतो.

कॉम्प्युटर बंद करायला गेलो तर ९.३ सुरू झालं. ‘कृपया थांबा, बंद करू नका.’

चालू दे.