पाठीवरचा काप

१२ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. मॅनेजरसाहेबांना बहिणीची आठवण आता लेखी अर्ज केल्यावरच येणार असं दिसतं. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण मशीनवर बसले की गप्प होतो. रफूची कामं मात्र कमी झालीत. रफू करत बसण्यापेक्षा नवीन स्वस्त पडतं म्हणतात.

एक विचित्र गोष्ट सांगायची होती. काल भंगारवाली अकरा कोट घेऊन आली. बायकांचे, गरम, कोरे, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच लटकलेली. आणि प्रत्येकाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत चिरलेली. आत लेबल तुमच्या दुकानाचं. तुमच्या गोदामात कुणीतरी डूख धरून बसलाय बघ. चांगल्या कापडावर असा हात चालवणारा भेटला, तर मी त्याला तोंडावर बोलेन. तू वरच्यांच्या कानावर घाल.

वहिनीच्या कपड्यांनी ठासलेल्या कपाटाचं दार आता तरी लागतं का, विचार.

माया आहेच, ती अधूनमधून कागदावरही दिसू दे.
तुझी, ताई

२१ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान धरतो. सीझन संपत आला की मान वर करायला फुरसत नसते. दर सोमवारी नवीन माल येतो आणि त्याला जागा करावी लागते. घरी सगळे मजेत. ही म्हणते, कपाटाचं दार लागतं, फक्त गुडघा टेकवून लावावं लागतं.

कोटांचं मी विचारलं. वाहतुकीत पेट्या पत्र्याला घासतात म्हणे. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस, आणि असला माल पुन्हा घेऊ नकोस. उगाच मागे कटकट लागायची.

लोभ आहे तसाच राहावा.
तुझा, धाकटा

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ. वि. वि.

पत्र्याला घासून अकरा पाठी एका रेषेत चिरतात होय? तू सरळ, म्हणून गोदामवाले तुला बनवतात.

कोट मी टाकले नाहीत. चीर जुळवली, आतून पट्टी लावली, वरून जाड दोऱ्याची टीप घातली. एक कोट आमच्या इमारतीत जिने झाडायला येते तिला दिला. पहाटेपासून तिचे हात गार पाण्यात असतात. आरशात स्वतःची पाठ बघायला तिनं मान एवढी वळवली की मला हसू आलं. कोट कुणी फाडला, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, माझा भाऊ तिथे मॅनेजर आहे, तो शोधून काढतोय. सगळ्या इमारतीला सांगून ठेवलंय. तेव्हा आता माझं नाक तुझ्या हातात आहे.

जप स्वतःला, आणि ताईला विसरू नकोस.
तुझी, ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तीन दिवस हे पत्र लिहितोय आणि फाडतोय. शोधायला कुणी नाही, ताई. ते कोट मी कापले.

न खपलेला माल कुणाला द्यायचा नाही, असा नियम आहे. फुकट मिळालं तर नवीन कोण घेईल, असं वरचे म्हणतात. म्हणून महिन्यातून एक-दोनदा, दुकान उघडायच्या आधी, मागच्या खोलीत मी आणि पातं. चार वर्षं. पहिल्या वेळी दोन कोटांतच सकाळ गेली होती. नंतर नंतर मी रेडिओ लावून कापायला लागलो. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज वाटतेय.

तुझं मागचं पत्र आलं त्याच आठवड्यात अठरा कोट कापायचे होते. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मग पाठीच्या शिवणीवरच पातं चालवलं, कापडाला धक्का लावला नाही. तुला सोपं जाईल, अशी मनाची समजूत घातली.

सोमवारी कापायला स्वेटर आले. त्यांना मात्र हात लावता येईना. साहेबांना म्हटलं, मी कापणार नाही, वाटून टाकू. ते हसले आणि पातं दुसऱ्याच्या हातात दिलं. मला आता कपडे घालून बघायच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसवलंय. लोकांनी टाकलेल्या कपड्यांच्या घड्या घालतो. मान खाली गेलीय ती स्टुलामुळे नाही. तू इमारतीत काय सांगशील?

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा, धाकटा

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ. वि. वि.

रागानं दोन दिवस पेन हातात धरलं नाही.

ते अठरा कोट भंगारवालीकडून आले. एका दुपारीच सहा झाले, इतके सोपे. त्याचाच जास्त राग आला. शिवणीवर कापलेस, म्हणजे ते कुणाच्या हातात जाणार हे ठाऊक असूनही कापलेस. हे एकदाच लिहिते, पुन्हा काढणार नाही.

लाज मलाही वाटली. तुझ्या नावावर मी इमारतभर मिरवून घेतलं, कुणी विचारलं नसताना. म्हणून काल खाली गेले आणि जिनेवालीला सांगितलं, की कोट माझ्याच भावानं कापला होता. तिनं झाडू भिंतीला टेकवला, कोट अंगातून काढला आणि पाठीवरची टीप बोटांनी चाचपत राहिली. मला वाटलं, आता परत देते. तर म्हणाली, एवढी कापाकापी झालीच आहे, तर आतून एक खिसा लावून द्या, किल्ल्या ठेवायला जागा नाही.

तोच लावतेय. अजून बारा कोट उघडे पडलेत. रविवारी ये आणि सुई धरायला शीक.

रागही आहे आणि लोभही. दोन्ही ठेवून घे.
तुझी, ताई