फणसाची साफसफाई

४ डिसेंबर

चि. ठोक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तू पाठवलेल्या गवंड्याला मी परवा फाटकातूनच परत लावला. माणूस भला आहे, पण आल्या आल्या टेप उघडून फणस कुठले ते दाखवा म्हणाला. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू बरं बरं म्हणतोस आणि ठेवून देतोस.

झाडं पाडून तिथे माझ्यासाठी तळमजल्याला खोली बांधायची, हे तुझं तू ठरवलंस. माझे गुडघे दुखतात हे खरं. वर झोपायला जायला बारा पायऱ्या आहेत हेही खरं. पण ती झाडं तुझ्याच उष्ट्याची आहेत, हे विसरलास वाटतं. नोकरीवर रुजू व्हायला निघालास त्या दिवशी उभ्या उभ्या फणस खाल्लास, आठळ्या फुटक्या बादलीत फेकल्यास आणि उशीर होतो म्हणून चिकट हातांनीच गेलास. त्यातल्या दोन रुजल्या. नऊ वर्षं मी त्यांना पाणी घालते आहे.

आता त्या दोघांचे प्रताप ऐक. सलग तिसऱ्या वर्षी बोंडं धरली आहेत आणि सलग तिसऱ्या वर्षी तोच तमाशा. बोटाएवढं हिरवं बोंड येतं, आठ-दहा दिवसांत पिवळं पडतं, मग त्यावर काळी बुरशी चढते. मला ते बघवत नाही. एकतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटर सांभाळलं. बुटाला चिखल दिसला म्हणून मोठ्या सर्जनला बाहेर उभं केलेलं आहे मी. तेव्हा रोज सकाळी हातमोजे घालून स्टुलावर चढते, खराब झालेली बोंडं खुडून डब्यात भरते आणि खोड ओल्या फडक्याने पुसून काढते. एवढं करून फळ म्हणशील तर एक नाही. पेशंटच नालायक निघाले तर नर्सने काय करायचं, सांग.

तुझी खोली झाडून घेतली. चादर रविवारी बदलली.

गवंड्यावर जेवढा जीव टाकतोस तेवढा माझ्यावरही टाकावास.
तुझी ताई

१३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. गुडघे दुखतात म्हणून जिना चढवत नाही, आणि ही बाई स्टुलावर उभी राहून झाड पुसते! अगं, झाड म्हणजे काय टेबल आहे? तू पडलीस तर मी इथून धावत येईपर्यंत तुला उचलणार कोण? शेजारचे टेलर सत्तरीचे आहेत.

मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आलो. एका पारड्यात तुझे गुडघे आणि दुसऱ्यात दोन आळशी झाडं घातली, तर काटा कुठे झुकतो हे मला विचारू नकोस. घराला लागून तेवढी एकच जागा मोकळी आहे. मी नकाशा काढून गवंड्याला दिला आहे. खिडकी पूर्वेला, उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडा. तुझ्यासारख्या हट्टी बाईसाठी याहून चांगली खोली कोणी आखली नसेल.

तरीही तुझ्या समाधानासाठी फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबतो. तोवर एक फळ, फक्त एक, धरलं तर मी या विषयावर तोंड उघडणार नाही. नाही धरलं, तर एक मार्चला गवंडी कुऱ्हाडवाल्याला घेऊन येईल आणि तू त्याला फाटक उघडशील. कबूल असेल तर कळव.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा ठोक्या

२ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

मुदत कबूल. मी शब्दाची पक्की आहे, हे तुला माहीत आहे म्हणूनच तू ही चाल खेळलास.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात नवलच झालं. टाकीजवळच्या फणसाच्या खोडातून थेट जाड देठ फुटले आणि त्यांवर वेगळीच, खडबडीत बोंडं आली. मला वाटलं, आली बाबा अक्कल. टेलरकाकांना बोलावून दाखवलं, त्यांनीही चष्मा पुसून खात्री केली. त्या नव्या बोंडांसाठी मी साफसफाई दुप्पट केली. वरची बुरशी खाली लागायला नको म्हणून वर एकही काळं बोंड ठेवलं नाही. परवा एका दिवसात सतरा खुडली. झाडाखाली इतकं स्वच्छ आहे की जमिनीवर ताट न घेता जेवावं.

आणि काय झालं? ती खडबडीत बोंडंसुद्धा एकेक करून सुकली, काळवंडली आणि गळाली. शेवटचं काल गेलं. टेलरकाका म्हणतात, झाडांना जरा धाक दाखवा. मी गवंड्याचं नाव घेऊन दाखवला, दोघांनाही ढिम्म फरक पडला नाही. तुझ्यावर गेली आहेत.

मला रडू आलं, हेही लिहून टाकते. तुला हसायचं तर हास.

चादर रविवारी बदलली. तुझ्या खोलीबद्दल तू कधीच काही लिहीत नाहीस. उशी एक ठेवू की दोन?

तुझी, आणि दोन नालायकांची,
ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. स्टुलावर नव्हे, खुर्चीवर.

काल एका रोपवाटिकेत काटा दुरुस्त करायला गेलो होतो. तिथल्या माळ्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. सतरा खुडली इथपर्यंत आलो आणि तो खताच्या पोत्यावर मटकन बसला. हसणं थांबेपर्यंत त्याला बोलता येईना.

ताई, तू खुडतेस ती फळं नव्हेतच. ती नर फुलं. फांद्यांवर येणारं ते बोटभर बोंड फळ व्हायला येतच नाही. पराग द्यायचा, काळं पडायचं आणि गळून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. तरुण झाडाला तर पहिली एक-दोन वर्षं नुसती तीच येतात. आणि ती बुरशी, जिच्यावर तू तीन वर्षं दात ओठ खाते आहेस, तिच्यासाठी बारीक चिलटं येतात. त्यांच्या अंगाला पराग लागतो आणि तो खोडावरच्या खडबडीत फुलांना पोचतो. ती मादी फुलं. फळ त्यांचं होतं. तू वरचं सगळं धुऊन पुसून चकाचक केलंस, मग खालच्यांनी कोणाच्या भरवशावर फळ धरायचं? झाड बिचारं तीन वर्षं संसार मांडतंय आणि तू रोज सकाळी हातमोजे घालून तो मोडते आहेस!

माळी म्हणाला, अजून उशीर झालेला नाही, पुन्हा फुलं येतील. काही करू नका म्हणावं. पाणी घाला आणि हात मागे बांधून उभ्या राहा. मी त्याला म्हटलं, तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही. घरी सांगितलं तेव्हा आम्ही जेवता जेवता पुन्हा हसलो.

फडकं कुलपात ठेव. मुदत तीच आहे.

दोन शिव्या घाल, पण नेहमीच्याच मायेने घाल.
तुझा ठोक्या

२४ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. आ. (उत्तम आज नाहीत.)

घाणीचा उपयोग असतो, हे सांगायला एक खतवाला माळी आणि एक काटेवाला भाऊ लागला. माझ्या वॉर्डात असं कोणी म्हणालं असतं तर त्याला मी तिथल्या तिथे हात धुवायला पाठवलं असतं.

पहिला दिवस मी खरंच हात मागे बांधून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी घरात बसले. तिसऱ्या दिवशी फक्त अगदीच वाईट दिसत होती ती नऊ काढली. नऊच. माझ्याच्याने होत नाही रे. डोळ्यांसमोर काहीतरी कुजतंय आणि आपण नुसतं बघायचं, हे मला कोणी शिकवलेलंच नाही. खोडावर नवे देठ आले आहेत. तेही माझ्या हातून जाणार, असं वाटतं.

आणि आम्ही हसलो म्हणजे कोण कोण हसलं? तो माळी तुझ्याकडे जेवायला असतो का?

चादर रविवारी बदलली.

ओळख ठेवावी.
ताई

२९ जानेवारी

रा. रा. काटेवाले यांस,
स. न. वि. वि.

मी शेजारचा टेलर. पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करावी. काल सकाळी आपल्या भगिनी एका हातात स्टूल आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन जिना उतरताना तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. घोट्याचं हाड मोडलं आहे. प्लास्टर घातलं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. जिवाला धोका नाही. आवाज पूर्वीसारखाच आहे.

वर नेणं शक्य नव्हतं म्हणून मी आणि माझ्या कारागिराने त्यांना खाली आपल्या खोलीत झोपवलं. त्यांचा फार विरोध होता. ती भावाची खोली आहे, चादर परवाच घातली आहे, असं त्या वेदनेतही ओरडत होत्या. शेवटी चादरीवर वर्तमानपत्र पसरल्यावर पाठ टेकली. झाडं दिसू नयेत म्हणून खिडकी लावून घ्यायला सांगितली आहे.

सकाळ-संध्याकाळ माझी पत्नी जेवण नेते. काळी बोंडं खुडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे. मी हो म्हटलं आहे आणि एकालाही हात लावलेला नाही. आपलं माळ्याचं पत्र त्यांनी मला रागारागाने दोनदा वाचून दाखवलं होतं. फक्त पाणी घालतो.

आपण काळजी करू नये, पण थोडी करावी.
आपला,
टेलर

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेलरकाकांचं पत्र मिळालं त्याच दिवशी बॅग भरली आणि संध्याकाळी पुन्हा उघडली. तुझ्यासमोर त्या खोलीच्या दारात उभं राहून मला जे बोलता आलं नसतं ते लिहितो. वाचून झाल्यावर पत्र फाडलंस तरी चालेल.

मी परत राहायला येणार नाही. दोन वर्षांपूर्वी इथल्या कारखान्यात कायम झालो. त्याच महिन्यात लग्न केलं, नोंदणी करून, दोन साक्षीदारांसमोर. ती आमच्याकडे काट्यांच्या तबकड्यांवर आकडे रंगवते. चोपन्नाव्या वर्षी हे तुला कसं सांगायचं, या विचारात एक आठवडा गेला, मग महिना, मग तू लिहिलंस की चादर बदलली. त्यानंतर दर पत्रात तू ते लिहीत गेलीस आणि मी गप्प बसत गेलो.

तुला खाली खोली हवी होती हे खरंच होतं. पण खाली खोली होती. माझी. ती घे म्हणायचं तर मी येणार नाही हेही म्हणावं लागलं असतं, म्हणून मी नकाशे काढत बसलो. झाडं तोडायला निघालो ते यासाठी. माझी मलाच लाज वाटते.

खोली तुझी आहे. माझी कपाटं रिकामी कर. झाडांना फळ येवो न येवो, ती राहू देत.

पूर्वीइतका लोभ मागायला तोंड नाही, उरला असेल तेवढा असू दे.
तुझा ठोक्या

५ मार्च

चि. ठोक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, कारण तू दोन वर्षं लावलीस.

अरे गाढवा, मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तू इथली हत्यारांची पेटी मागवून घेतलीस तेव्हाच मी ओळखलं. परत येणारा माणूस हत्यारं नेत नाही. शिवाय सात वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रात भात करपल्याची रड असायची, ती एकदम बंद झाली. उशी एक की दोन हे मी उगाच विचारलं नव्हतं. तरीही दर रविवारी चादर बदलत राहिले. बदलायची थांबले असते तर मलाही कबूल करावं लागलं असतं. तेव्हा लाजेत अर्धा वाटा माझा.

आता पुढचं. मला एवढं मोठं पत्र लिहिलंस, पण गवंड्याला कळवायचं मात्र विसरलास. एक तारखेला सकाळी तो कुऱ्हाडवाल्यासकट हजर. मला बाहेर टेलरकाकांचा आणि त्याचा आवाज आला. उठता येत नव्हतं, म्हणून पलंगावरून सरकत जाऊन महिनाभर बंद असलेली खिडकी उघडली. त्याला चांगला झापणार होते. तर गवंडी टाकीमागे उकिडवा बसलेला. टेप खाली ठेवलेली, आणि बोटाने काहीतरी मोजत होता.

चार आहेत, ठोक्या. खोडाच्या अगदी बुडाशी, घोट्याएवढ्या उंचीवर. वरच्या मजल्यावरून कधी दिसलीच नसती. तुझ्या पलंगावरून मान वळवली की समोर. दोन नारळाएवढे झालेत, एक लिंबाएवढा आहे आणि एक वाकडा, एका बाजूने फुगलेला. गवंड्याने कुऱ्हाडवाल्याला चहा पाजून परत पाठवलं आणि जाताना जिन्याच्या कठड्याचं माप घेऊन गेला. कठडा बसवू दे म्हटलं, पाहुण्यांना लागेल.

झाडाखाली काळ्या बोंडांचा खच पडला आहे. सडतो आहे. चिलटं आहेत. टेलरकाकांनी माझ्याशी खोटं बोलून हे केलं, त्यांचं तोंड मी दोन दिवस पाहिलं नाही. मग माफ केलं. मी रोज खिडकीतून ती घाण बघते, दात आवळते आणि गप्प बसते. सवय होते आहे.

फळं जूनमध्ये पिकतील. तिला घेऊन ये. एकटा आलास तर फाटकातूनच परत लावीन. तुमची झोपायची सोय वरती, माझ्या जुन्या खोलीत. बारा पायऱ्या आहेत, कठडा धरून चढा. वाकडा फणस तुझा, कारण तो तुझ्यावर गेला आहे. आठळ्या बादलीत फेकायच्या नाहीत आणि या वेळी हात धुतल्याशिवाय जायचं नाही.

दोघांना मिळून आशीर्वाद आणि माझ्याकडे आहे तेवढी सगळी माया.
तुझी ताई

ता. क. गेल्या रविवारी चादर बदलली नाही. मी लोळत पडले होते.