साडेसोळा मार्कांची विहीर

३ फेब्रुवारी, सकाळ
डॉक्टर म्हणाला, बीपी एकशे सत्तर आहे, राग आला की बोलू नका, लिहून काढा. चौथी शिकलेल्या बाईला वही विकत घ्यायला लावली. घेतली. पहिला ठराव: आजपासून धाकट्या जावेचा विषय बंद.

३ फेब्रुवारी, दुपार
जावेच्या दारात पांढरी गाडी. युनिव्हर्सिटीची. एक मॅडम, एक ड्रायव्हर, एक बर्फाची पेटी. मॅडमने जावेच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, चिठ्ठी लावली, बाटली बर्फात ठेवली. इतकं जपून कुणी नव्या नवरीला गाडीत बसवत नाही. जाऊ शेजारी उभी राहून मान हलवत होती, जसं काही सगळं कळतंय. दहावी पास आहे ना.
आमच्यामध्ये एक भिंत. तिची विहीर पलीकडे, माझी अलीकडे. गाडीचं पेट्रोल तेवढ्यातच संपलं का?

४ फेब्रुवारी
ह्यांनी चौकशी करून आणली. जावेच्या नातवाचे ओठ मध्यंतरी निळे पडले होते, दोन महिन्यांचं पोर दवाखान्यात ठेवलं होतं, ते म्हणे पाण्यामुळे. डब्याची दूधपावडर विहिरीच्या पाण्यात कालवत होते. त्या पाण्यात नायट्रेट फार निघालं. ते आलं कुठून हे मॅडम मशीनवर शोधणार, आणि कुणाचं पाणी बाळाला चालेल तेही सांगणार. तोवर सून बाळाला घेऊन माहेरी.
पोराचं वाईट वाटतं. नाक अगदी ह्यांच्यावर गेलंय. पण यात शोधायचं काय? वर टेकडीवर फुलवाल्याचं ग्रीनहाऊस. पोत्यापोत्याने खत ओततो. आंधळ्यालाही दिसेल. मला विचारलं असतं तर मशीन लागलंच नसतं.

७ फेब्रुवारी
जाऊ दुकानात सांगत होती, आमचं सॅम्पल, आमचं सॅम्पल. पाणी खराब निघालं तर त्याचाही तोरा.
तिची मागची खिडकी कायम बंद. तीन वर्षं झाली, आम्ही शेणाचा खड्डा भिंतीला लागून घेतला तेव्हापासून. म्हणे वास येतो. सहा गाई आहेत, अत्तराचं दुकान नाही. माझ्या दारात घाण नको म्हणून तिकडे घेतला. वारा तिकडे वाहतो त्याला मी काय करू? ह्यांना खड्डा सिमेंटने बांधायचा होता. मी त्या सिमेंटचा ओटा करून घेतला. जावेच्या ओट्यापेक्षा वीतभर उंच. आल्यागेल्याला काय दिसतं, ओटा का खड्डा?
उद्यापासून जावेचा विषय बंद.

१० फेब्रुवारी
गाडी आली. मी आडवीच उभी राहिले. विचारलं, या घरात काय माणसं पाणी पीत नाहीत? मॅडम म्हणाली, अहो काकू, तुमची विहीर आजच्या यादीत होतीच. पकडलं की सगळे असंच म्हणतात.
घासूनपुसून काचेची बरणी पुढे केली. नको म्हणाली, तिला तिचीच बाटली. असो. पण माझ्याकडे काम बघा कसं केलं. गोठा बघितला. खड्डा बघितला, खोल किती विचारलं. खड्ड्यापासून विहिरीपर्यंत टेप लावली, भिंतीपलीकडच्या विहिरीपर्यंतही लावली. वर गाईचं शेण डबीत भरून नेलं. जावेकडचं काय नेलं? नुसतं पाणी!
मला समजावून पण सांगितलं. नायट्रेटमधलं नायट्रोजन दोन जातींचं, एक हलकं, एक जड. कुठल्या पाण्यात जड किती, ते मशीन मोजतं. मी म्हटलं, आमच्याकडे सगळं जडच असतं, दूधसुद्धा. पाणी घालत नाही मी. फार नाही.

२४ फेब्रुवारी
मॅडम पुन्हा सॅम्पल घ्यायला आली. आकडा सांगितल्याशिवाय सोडत नाही म्हटलं. टाळाटाळ करत होती, शेवटी आपल्या कागदावरचा माझा आकडा वाचून दाखवला. साडेसोळा!
जावेचा आकडा विचारायला मी स्वतः भिंतीपाशी गेले. तिलाही आजच कळला होता. बारा.
फुलवाल्याचा? दोन. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला, लाज नाही.
मॅडम मागून ओरडत होती, काकू, थांबा, याचा अर्थ पाच तारखेच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. अर्थ बाराला लागतो. साडेसोळाला कशाला लागतोय अर्थ?
बीपीत कमी बरं असतं. मार्कांत जास्त. एवढं चौथीतही शिकवतात. त्या चौथीत मला कधी कुणी पुढच्या बाकावर बसवलं नाही, ते एक असो.

२६ फेब्रुवारी
गोठ्याच्या फाटकावर ऑइलपेंटने लिहून घेतलं: येथील पाणी साडेसोळा. पेंटर म्हणाला, साडेसोळा काय? म्हटलं, तू लिही.
दुधाच्या गिऱ्हाइकांना घरोघर सांगितलं. फुलवाला दूध न्यायला आला, त्याला तोंडावर म्हटलं, दोन मार्क मिळवणाऱ्याने जरा खाली मान घालून यावं, पोराबाळांच्या जिवावर उठलात. त्याने विचारलं, पेपर तपासला कोणी? आणि हसत गेला. कोडगा.

१ मार्च
जाऊ भिंतीवरून म्हणाली, ताई, मीटिंगला याल ना? बाळ फोनवर हसायला लागलंय, पण माझी मांडी विसरेल हो. पाण्याचं नक्की झालं की सून येते म्हणालीय.
मी तिला धीर दिला. म्हटलं, बारा काही वाईट नाहीत, पुढच्या वेळी मेहनत कर. ती कळशी उचलून आत गेली. हार सगळ्यांना पचत नाही.

५ मार्च, सकाळ
शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग. ठेवणीतले कपडे काढले. पहिल्या रांगेत बसणार. दोन शब्द बोला म्हणतील, म्हणून पाठ केलंय: स्वच्छता ही सवय आहे.

५ मार्च, संध्याकाळ
खतातलं नायट्रोजन हलकं. आकडा शून्याच्या आसपास, फार तर चार.
शेणातलं जड. त्यातलं हलकं हलकं हवेत उडून जातं, जड मागे राहतं आणि जमिनीत मुरतं. दहाच्या वर गेलं की समजायचं, जनावरांचा खड्डा नाहीतर संडासाची टाकी. टाक्या आपल्या भागात आता नाहीत, गटाराची पाइपलाइन झाली.
मॅडमने कुणाचं नाव घेतलं नाही. कबूल करते. नकाशावर नुसते ठिपके आणि आकडे. सगळ्यात मोठा लाल ठिपका साडेसोळा.
अख्खा हॉल माझ्याकडे वळला. फाटक सगळ्यांनी वाचलं होतं.
दोन शब्द बोला असं कुणी म्हणालं नाही.

६ मार्च
मशीन बिघडलेलं असणार. नाहीतर डबी बदलली असणार. नाहीतर गाई विकणाऱ्याने फसवलं. आणि खड्डा खणला कुणी? ह्यांनी. मी फक्त जागा दाखवली.
हे रॉकेल घेऊन फाटक पुसतायत. पेंट निघत नाही. पेंटर प्रामाणिक निघाला, नेमका याच कामात.
बीपी बघितलंच नाही.

८ मार्च
पिण्यासाठी चालणारं पाणी एकच, फुलवाल्याच्या खोल बोअरचं. त्याच्यात नायट्रेट अगदी नावापुरतं. त्याने रस्त्यावर नळ काढून दिला. वर पुठ्ठा: दोन मार्कांचं पाणी, रांगेत यावे.
मी कॅन घेऊन रांगेत. पुढे जाऊ. मागे वळली. माझी उत्तरं तयार होती, खड्ड्याचं, सिमेंटचं, वाऱ्याचं, सगळ्याचं. ती म्हणाली, ताई, तुम्ही मोठ्या, पुढे व्हा. बस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर चार दिल्या-घेतल्या असत्या. ही बाई माणसाला भांडूही देत नाही.
पुढे झाले. दोन कॅन भरले. एक तिच्या ओट्यावर ठेवून आले. हात दुखत होता म्हणून ठेवला.

११ मार्च
ह्यांना सांगितलं, खड्डा हलवा. मीटिंगमुळे नाही, मला केव्हापासून हलवायचाच होता. मॅडम येऊन विहिरींपासून लांब जागा दाखवून गेली. सगळ्या आवारात तेवढी एकच निघाली, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. दुसरी बघा म्हटलं. टेप दाखवली तिने. या वेळी सिमेंट लावलं, तळालाही.

१६ मार्च
बाळ आलं. माहेरी बरंच सुटलंय. मला बघून भोकाड पसरलं, माणसं ओळखतं.
विहिरी धुऊन निघायला एक-दोन वर्षं लागतील, मॅडम म्हणाली. आकडा खाली आला की कळवणार आहे. मी म्हटलं, आधी जावेला कळवा.
दुपारी पलीकडे खडखडाट झाला. बघितलं तर जाऊ मागच्या खिडकीची गंजलेली कडी ठोकत होती. उघडली. तीन वर्षांनी. आत पाळणा दिसला.
मी माझी लावून घेतली. खरंच वास येतो.