चौथं इंजेक्शन

३ मार्च
आणि दादाचं फोनवर पुन्हा तेच. मी म्हणे घर टाकून पळालो! एका घरात राहून आई ज्याच्याशी बारा वर्षं बोलत नाही, त्याने मला शहाणपण शिकवू नये. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं टाकलं त्याने, आमची धाकटी बहीण चिमी बुडाली, आणि बेजबाबदार मी?
असो. नोकरी झकास आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायच्या, घड्या घालायच्या. खोलीला खिडकीसुद्धा आहे. माझ्या कोपरांवरचे खवले बघून जोडीदार लांब्या म्हणाला, मासा आला रे कामाला. मीही हसलो. इथल्या डॉक्टरीणबाई सोरायसिसवर नवं इंजेक्शन देणार आहेत. बायोलॉजिक का काय म्हणतात. फुकट.

२८ मार्च
दुसरं झालं. खवले गळाले. गंमत म्हणजे डोकंही उघडलं. पूर्वी दोन आकडे सांगितले की तिसरा डोक्यात शिरायचा नाही. आता सगळ्या वॉर्डांच्या चादरी तोंडपाठ. नर्सताई म्हणाल्या, आतली सूज उतरली की काहींचं डोकंही हलकं होतं. लांब्या म्हणतो, आता साहेब होशील, आम्हाला ओळख दे.

२५ एप्रिल
तिसरं. लहानपणचं आठवतंय. चिमीचा पिवळा फ्रॉक, त्याचं तुटकं बटण. फार बरं वाटलं.
मग तो दिवस आठवला. दादा घरी नव्हताच. पंक्चर काढायला गेला होता.

२ मे
झाकणाची कड गंजलेली. गंज माझ्या बोटांना लागला होता. चिमीला पाण्यातलं आभाळ दाखवायचं होतं, म्हणून मीच— मग पोरं खेळायला बोलावू लागली. झाकण तसंच टाकून गेलो.

९ मे
धुण्याच्या मशीनच्या काचेवर आतून पंजा. एवढासा. लांब्या म्हणाला, चादर आहे, येड्या. चादरीला पाच बोटं?

२३ मे
चौथं नको म्हणालो. नर्सताई म्हणाल्या, अहो, एवढं लागू पडलंय! नाही घेतलं. विसरायचंय मला.

२० जून
खवले परत आले. डोकं मात्र लख्खच. रोज आणखी थोडं— आज तिची हाक आठवली. पाण्यातून. तेव्हा मी ऐकली होती. ऐकून— खेळत राहिलो—

२१ जून
आईला सांगितलं. तिने फोन दादाच्या हातात दिला. मग दादा बोलला. म्हणाला, माहीत होतं. तू आठ वर्षांचा होतास, मी अंगावर घेतलं.
मशीन बंद आहे. आत टकटक—
जवळ आहे ते सगळं दादाला पाठवतोय. या वेळी हाक ऐकून जातोय, परत येईन न येईन— सत्तेचाळीस हजार सहाशे रुपये—