पेवातला डबा

मानवत, १९८७

भुजंग भावजी,

काल खरेदीखताच्या वेळी तुमी विचारलंत, "वहिनी, पेवात उतरलं तरी कोण?" मी नुसती हसले. आता सांगते.

तीन वर्षांमागं तुमी माझी चांदी मागायला आलता. "महागाई रोज वाढायली, चांदी मोडून पैसा आमच्या कंपनीत टाका, चार वर्षांत दुप्पट," म्हणलात. तुमचे भाऊ गेल्यावर मला तेवढाच आधार होता. तुमाला तोंडावर न्हाई म्हणायची हिंमत न्हवती. म्हणून खरं तेच सांगितलं: डबा जमिनीतल्या धान्याच्या पेवात, ज्वारीखाली पुरलाय, उतरा अन् काढा.

तुमच्यासमोरच पेवाचं तोंड उघडलं. कंदील खाली सोडला, तो विझला. तुमी लय घाबरलात, अन् संध्याकाळच्या एसटीनं परत गेलात.

भावजी, बंद पेवातली हवा माणूस मारतेच. पण एक दिवस उघडं ठेवून वारा खाऊ दिला, की कंदील जळतो अन् माणूसबी उतरतं. तुमच्यासारख्या कचेरीतल्या माणसाला हे ठाऊक न्हवतं. मी सांगितलं न्हाई. एवढंच माझं पाप.

औंदा कंपनीला कुलूप लागलं. तुमचंबी बुडालं, त्याचं वाईट वाटतं. पण तुमी विकायला काढलेलं दोन एकर रान परक्याच्या हाती गेलं न्हाई. मीच पेवात उतरले, चांदी मोडली अन् ते घेतलं. अन् कागदावर अंगठा न्हाई, सही केली!

हे पत्र टपालात टाकत न्हाई. डब्याच्या जागी, पेवात ठेवते. उतरलात तर वाचाल.

तुमच्या बांधाची नवी मालकीण,
मालनवहिनी