सोमवारी आलेलं पाकीट

आबा, मला तुमच्याशी त्या सिंधी मुलीबद्दल बोलायचं आहे. तुम्ही होता तेव्हा बोलले नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझंच वय तुमच्यापेक्षा जास्त आहे, पण तिची आठवण निघाली की मी पुन्हा सतरा वर्षांची होते आणि कराडच्या आपल्या घरात, सोपा आणि माजघर यांच्यामधल्या उंबऱ्यावर उभी असते. सोप्यावर तुमचं टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून अशिलांसाठी टाकलेलं घोंगडं. त्या उंबऱ्याच्या पलीकडे मला फक्त चहा ठेवण्यापुरतं यायची मुभा होती.

सातवीच्या परीक्षेत मी तालुक्यात पहिली आले होते, हे तुम्ही विसरला नव्हता. आल्यागेल्याला सांगायचा. पण त्यानंतर माझी शाळा तुम्हीच थांबवली. रहिमतपूरजवळच्या आपल्या गावात, आपल्या भावकीत वकील झालेले तुम्ही पहिले. ऊस लावणाऱ्या आणि पलटणीत जाणाऱ्या माणसांत तुम्ही काळा कोट घातला, याचं मला केवढं वाटायचं. मी एकदा तुमच्या टेबलावरचा दावा उचलून वाचत होते, तेव्हा तुम्ही तो हातातून काढून घेतला आणि म्हणालात, "बाईमाणसानं कचेरीच्या कागदाला हात लावायचा न्हाई. लोकांची भांडनं असत्यात त्यात." रागावला नव्हता. मांजराला दुधापासून बाजूला करावं तसं बाजूला केलंत. मी आत गेले आणि भाकरी थापायला बसले.

फाळणीनंतरच्या वर्षी संगमाजवळच्या धर्मशाळेत निर्वासितांची बिऱ्हाडं आली. कुणी सक्करकडची, कुणी हैदराबाद सिंधची. त्यांच्याकडे भांडी होती, गाद्या होत्या, काहींकडे सोनंही होतं. कागद मात्र कुणाकडे धड नव्हते. आणि कागदाशिवाय मामलेदार कचेरीत माणूस उभासुद्धा राहू शकत नाही. निर्वासित म्हणून नोंद करायची तर आलात कुठून याचा पुरावा, रेशन कार्ड हवं तर नोंदीचा दाखला, मागे राहिलेल्या घराचा अर्ज करायचा तर ते घर होतं याचा पुरावा. तुम्ही रोज कोर्ट सुटलं की धर्मशाळेत जायला लागलात. आई म्हणायची, "आवं, जेवून तरी जावा." तुम्ही म्हणायचा, "ती मान्सं सकाळधरनं बसल्यात गं." फुकट काम करता म्हणून बाररूममध्ये तुम्हाला हसायचे. तुमच्या कानावर ते येत होतं की नाही कोण जाणे. मला मात्र त्या दिवसांत तुमचा फार अभिमान वाटत होता, हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं वेगळं आहे.

अडचण अशी होती की त्या लोकांचे जे काही चिठोरे होते ते सिंधीत, उर्दूसारख्या लिपीत, आणि ते तुम्हाला वाचता येत नव्हते. मग एके दिवशी तुम्ही तिला घरी घेऊन आलात. माझ्याच वयाची. वडील येताना बोटीवर तापाने गेले होते. मागे आई आणि दोन लहान बहिणी. ती मॅट्रिक झालेली होती. इंग्रजी, सिंधी, हिंदी तिन्ही सफाईने वाचायची. तुम्ही टेबलाजवळची दुसरी खुर्ची ओढलीत आणि तिला म्हणालात, "बस." ती बसली. मी उंबऱ्यावर होते. मी दोघांचा चहा टेबलावर ठेवला आणि परत उंबऱ्याच्या आत गेले.

मग रोजचंच झालं. ती वाचायची, तुम्ही लिहून घ्यायचा. "हितं काय लिवलंय, बाळ?" असं तुम्ही तिला विचारायचा. मला तुम्ही 'ए पोरी' म्हणून हाक मारायचा, आणि तोपर्यंत त्यात मला काही कमी वाटलं नव्हतं. एकदा पलटणीतून पेन्शनीवर आलेले एक अशील तिच्याकडे बघत तुम्हाला म्हणाले, "वकीलसायब, ही कोन म्हनायची?" तुम्ही हसून म्हणालात, "ही माजी मुन्शी हाय." तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं. तालुक्यात पहिली आलेली मुलगी म्हणून माझी ओळख करून देताना व्हायचा, तसाच.

ती कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वाचते हे आठवड्याभरातच तुमच्या लक्षात आलं. तुम्ही तिला आणि तिच्या आईला मिरजेला नेऊन डोळे तपासून चष्मा करून आणलात. मी चार वर्षं डोकं धरून बसत होते, सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलवत होते. आई कपाळाला सुंठ लावायची. पुढे लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्या महिन्यात मला चष्मा लावला. तुमच्या ध्यानात आलं नाही, त्यात तुमची चूक नव्हती. माझ्या हातात तोवर कागदच कधी नसायचा, तर मी तो कसा धरते हे तुम्हाला दिसणार कुठून.

आणि सगळ्यांत जास्त लागायचं ते तिचं बोलणं. ती मराठी शिकली आईकडून, चुलीपुढे बसून. म्हणजे शिकली ती आपली कराडकडची बोली. मी शाळेत शिकून 'आहे' आणि 'नाही' म्हणायला लागले होते. ही 'हाय' आणि 'न्हाई' म्हणायची, 'लय ग्वाड झालंय, मावशी' म्हणायची, आणि तुम्ही तुमच्या खुर्चीत मागे रेलून खळखळून हसायचा. तुमच्या आईसारखं बोलते म्हणालात. तुम्हाला आवडेल म्हणून मी जी भाषा टाकली होती, ती उचलून तिने तुम्हाला हसवलं.

पावसाळ्याच्या तोंडाला बातमी आली की धर्मशाळा मोकळी करायची. ज्यांच्या घरात कुणी कामाला लागलंय त्यांनी इथेच राहावं, बाकीच्यांनी कल्याणच्या मोठ्या कॅम्पात जावं. त्याच सुमाराला साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीत निर्वासितांच्या नोंदणीसाठी सिंधी वाचणारा कारकून हवा होता. तुम्ही तिचा अर्ज केलात. पण तिचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट सिंधमध्येच राहिलं होतं. कचेरीने शाळेचा पुरावा मागितला. तिचे हेडमास्तर कल्याणच्या कॅम्पात आहेत असं तुम्हाला कुणाकडून तरी कळलं. तुम्ही त्यांना पत्र घातलंत, की मुलगी तुमच्या शाळेतून पास झाल्याचं सहीनिशी लिहून द्या. आणि आपण वाट पाहायला लागलो. तुम्ही सगळे वाट पाहायला लागलात.

ते पाकीट सोमवारी दुपारी आलं. तुम्ही कोर्टात, आई नदीवर. पोस्टमन माझ्या हातात देऊन गेला. मागच्या बाजूला कल्याण कॅम्प असं इंग्रजीत लिहिलं होतं, तेवढं मला लागत होतं. मी ते उतरंडीच्या दुसऱ्या मडक्यात, हुलग्यांच्या खाली ठेवलं. काही ठरवलं नव्हतं. थोडा वेळ ते माझ्यापाशी असावं, एवढंच वाटत होतं. संध्याकाळी तुम्ही आलात आणि दारातूनच विचारलंत, "टपाल?" मी म्हटलं, "काही नाही."

बुधवारी कचेरीतल्या साहेबाने बोलावलं होतं, म्हणून तुम्ही तिला घेऊन सकाळच्या मोटारीने साताऱ्याला गेलात. आदल्या दिवशी आई तुम्हाला म्हणाली होती, "तुमीच शपथ घेऊन सांगा की, पोरगी मॅट्रिक हाय म्हून." तुम्ही म्हणालात, "म्या बघितलं न्हाई. न बघितल्याली शपथ कशी घ्यायची?" ते ऐकूनही मी मडक्याला हात लावला नाही. तुम्ही परतलात तेव्हा ती तुमच्या मागे चालत होती, चष्मा हातात काढून. साहेब चांगला होता म्हणालात, पण कागदाशिवाय त्याचे हात बांधलेले. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला होता. अजून तीन दिवस होते, आबा. आणि ते तीन दिवसही मी पाकीट काढलं नाही.

रविवारी ती आपल्या स्वयंपाकघरात आली, आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मग डोळे पुसून माझ्यासोबत शेंगा सोलायला बसली. "ताई, कल्यानला नदी हाय का गं?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. सोमवारी टपालाच्या वेळेला मी पाकीट हुलग्यांतून काढून झटकलं आणि तुमच्या टेबलावर ठेवलं.

तुम्ही आलात, पाकीट पाहिलंत. "ह्ये कवा आलं?"

"आजच."

तुम्ही ते उलटं केलंत. कराडच्या पोस्टाचा शिक्का मागच्या बाजूला होता, तारखेसकट. आयुष्यभर शिक्के आणि तारखा वाचणाऱ्या माणसाच्या घरात मी हे विसरले होते. तुम्ही शिक्का बघितलात, मग माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता हात उठेल, आणि उठला असता तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "हात धुऊन ये. लिवायला बस."

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्या टेबलापाशी खुर्चीवर बसले. तुम्ही उभे राहून सांगत होता, मी लिहीत होते. सदर पत्र माझे घरी मागील सोमवारी पोचले असून माझे घरच्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे हजर करण्यास विलंब झाला, यात अर्जदार मुलीचा काही दोष नाही, तरी मेहेरबानांनी विचार व्हावा. 'हलगर्जीपणा' म्हणताना तुम्ही थोडे थांबलात. दुसरा शब्द तुम्हाला ठाऊक होता. मलाही होता. तुम्ही हा दिलात आणि मी लिहिला.

अर्ज इंग्रजीत जायचा होता. ती आली तेव्हा तुम्ही माझा कागद तिच्या हातात दिलात आणि अंगणात निघून गेलात. ती माझ्या अक्षरातलं सगळं वाचत गेली आणि मध्ये थांबली. "ताई, हलगर्जीपना म्हंजे काय?"

मी म्हटलं, "लक्ष नसणं. विसरणं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि लिहायला लागली. त्यानंतर तिने मला ताई म्हटलं नाही.

साताऱ्याहून उत्तर आलं, जागा भरली गेली होती. त्याच आठवड्यात तिची माणसं ओगलेवाडी स्टेशनवरून गाडीत बसली. तुम्ही पोचवायला गेलात, मी गेले नाही. आणि दोन दिवसांनी तुम्ही मला सोप्यावर बोलावून दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलंत. मागे राहिलेल्या बिऱ्हाडांचे अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायला लागलात. दोन वर्षं, लग्न होईपर्यंत, मी तुमच्याबरोबर काम केलं, कागद डोळ्यांजवळ धरून; तेव्हाही ते तुमच्या ध्यानात आलं नाही. किती जणांची रेशन कार्डं झाली, किती पोरांना शाळेत घेतलं गेलं. मला ते काम चांगलं जमत होतं. तुम्ही कधी तसं म्हणालात नाही. तिला दिवसातून दोनदा म्हणायचा. त्या पाकिटाचा विषयही तुम्ही पुन्हा काढला नाही. ती शिक्षा होती की माफी, हे मी अजून ठरवू शकले नाही.

आता जे सांगायचं राहिलं आहे ते. आई गेली त्या वर्षी मी माहेरी आले होते. तुम्ही तारखेसाठी साताऱ्याला गेला होता. अकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी. मी ओळखलं नाही, तिनेच सांगितलं. कल्याणच्या कॅम्पातल्या शाळेत ती हेडमिस्ट्रेस झाली होती, बहिणींची लग्नं केली होती. कोल्हापूरला नातेवाइकांकडे आली होती, म्हणून वाट वाकडी करून आली. आई गेल्याचं कळल्यावर ती चुलीपाशी जाऊन थोडा वेळ बसली. मी चहा केला. तिची बोली अजून तशीच होती. "आबा कवा येतील?" तिने विचारलं. तुम्ही सहाच्या मोटारीने येणार होता. मी म्हटलं, "उद्या."

तिने पत्ता लिहून दिला आणि गेली. तो कागद मी सांगलीला माझ्या पेटीत घेऊन आले. पुढे तुम्ही आजारी असताना एकदा विचारलंत, "त्या पोरीचं काय झालं आसंल गं?" मी तुमच्या पायांना तेल लावत होते. म्हटलं, "काय ठाऊक."

ती आली होती, आबा. हे वाचून तुम्ही माझ्यावर रागावणारही नाही. ती कशी दिसत होती, तब्येत बरी होती का, हेच आधी विचाराल. ते मला इतक्या वर्षांनीही आवडत नाही.